कॅप्सूल चालू आहे, मग अर्धी पोळी चालेल का?

आजचा विषय मी ठरवलेला नाही, तो वडोदऱ्याहून आला आहे. तिथल्या एका आजींनी मला फोन केला. तीन पिढ्या गुजरातेत काढलेलं मराठी घर. नातू आठ वर्षांचा, दीड वर्षापूर्वी त्याला सीलिएक रोग असल्याचं कळलं. गहू बंद झाला, मुलगा हळूहळू वजन धरू लागला. मग चार महिन्यांपूर्वी कुणीतरी सांगितलं की प्रोबायोटिकच्या कॅप्सूल द्या, त्यातले चांगले जंतू पोटात जाऊन ग्लुटेन खाऊन टाकतात आणि आतड्याची प्रतिकारशक्ती पुन्हा ताळ्यावर येते. कॅप्सूल सुरू झाल्या. पोट फुगणं कमी झालं, शौचाला नीट होऊ लागलं. आणि मग आजी जरा आवाज खाली करून म्हणाल्या, "ताई, सुनेला माहीत नाही. मी त्याला दुपारी अर्धी पोळी देते. तूप-गूळ लावून. दोन महिने झाले, काही त्रास नाही. चालेल ना हो?"

मी त्यांना लगेच "नाही" म्हटलं. पण का नाही, हे दोन वाक्यांत सांगता येईना. जंतू ग्लुटेन तोडतात हे खोटं नाही. प्रोबायोटिकने पोटाला बरं वाटतं हेही पुष्कळदा खरं असतं. दोन खऱ्या गोष्टी जोडून तिसरी चुकीची गोष्ट तयार झाली होती, आणि ती आठ वर्षांच्या मुलाच्या ताटात जाऊन बसली होती. म्हणून आजचा भाग.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी डॉक्टर नाही. अठ्ठावीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, तेव्हा जंतूंची बाजू मला ठाऊक आहे. आणि मी स्वतः सीलिएकची रुग्ण आहे, तेव्हा ताटाची बाजूही ठाऊक आहे. माझं बालपण सोलापूरचं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी. पोळी सणावारी. लग्नानंतर दिल्लीला गेले आणि सकाळी पराठा, दुपारी पोळी, रात्री पोळी असं सुरू झालं. पुढची कित्येक वर्षं माझं हिमोग्लोबिन वर येईना. लोहाच्या गोळ्या घेतल्या, बीट खाल्लं, खजूर खाल्ले. एका डॉक्टरीणबाईंना एकेचाळिसाव्या वर्षी शंका आली, त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली, मग एंडोस्कोपी झाली आणि उलगडा झाला. मला जुलाब कधीच नव्हते. सीलिएक म्हणजे जुलाब अशी जी समजूत आहे, ती मोठ्या माणसांच्या बाबतीत बऱ्याचदा फसवते.

आता आत काय होतं ते बघू. गहू, जव आणि राय या धान्यांत जी विशिष्ट प्रथिनं असतात त्यांना आपण ढोबळपणे ग्लुटेन म्हणतो. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो तो त्याचाच. प्रथिनं पचताना त्यांचे तुकडे होत होत शेवटी सुटी अमिनो आम्लं उरायला हवीत. ग्लुटेनमध्ये प्रोलीन आणि ग्लुटामाइन ही दोन अमिनो आम्लं इतकी ठासून भरलेली असतात की आपल्या पाचकरसांची कात्री तिथे चालत नाही. काही लांब तुकडे तसेच उरतात. त्यातला एक तर ३३ अमिनो आम्लांचा आहे. २००२ साली तो ओळखला गेला आणि तेव्हापासून या रोगावरच्या जवळजवळ प्रत्येक व्याख्यानात त्याची हजेरी असते. असे तुकडे माझ्याही पोटात उरतात, तुमच्याही उरतात. बहुतेकांच्या पोटात त्यापुढे काहीच घडत नाही.

सीलिएकमध्ये हे तुकडे आतड्याच्या अस्तराखाली पोचतात. तिथे ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते एरवी जखमा भरायला मदत करणारं, घरचंच. ते या तुकड्यांत एक छोटासा रासायनिक बदल करतं, आणि त्या बदलामुळे तुकडा काही लोकांच्या पेशींवर असलेल्या डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या खाचेत चपखल बसतो. ही खाच जन्मतः मिळते, आईवडिलांकडून. खाचेत बसलेला तुकडा टी-पेशींना दाखवला जातो आणि त्या बोंब ठोकतात. मग अस्तरातल्या इतर पेशी चवताळतात, ग्लुटेनविरुद्ध आणि त्या बिचाऱ्या एन्झाइमविरुद्धही अँटिबॉडी तयार होतात. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं. रक्तात जी टीटीजी तपासणी करतात ती याच अँटिबॉडीची. आणि या सगळ्या धुमश्चक्रीत लहान आतड्याच्या आतले मखमलीसारखे अंकुर झिजून सपाट होतात. अन्न शोषून घेणारी जागाच कमी होते. माझ्या लोहाच्या गोळ्या कुठे जात होत्या ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

ही खाच असलेली माणसं किती? खूप. २०१६ साली भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांतल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ असलेल्यांचं प्रमाण तिन्हीकडे साधारण सारखंच निघालं: उत्तरेत ३८ टक्के, ईशान्येत ३१, दक्षिणेत ३६. पण रक्तात सीलिएकच्या अँटिबॉडी सापडण्याचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत फक्त ०.१०. रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा सोलापूरची ज्वारी आणि दिल्लीचे पराठे डोळ्यांपुढे आले. एका माणसाच्या गोष्टीवरून शास्त्र ठरत नाही हे मीच विद्यार्थ्यांना शिकवलं, तेव्हा तो मोह आवरते. पण बाहेरच्या राज्यांत गेलेल्या मराठी मंडळींनी हे आकडे लक्षात ठेवावेत. घराण्यात कुणाला नव्हता म्हणजे आपल्याला होणार नाही, हे खरं नाही. आजीपणजीला ती खाच असेलही, त्यांच्या ताटात गहू नव्हता.

याच आकड्यांत दुसरी एक गोष्ट लपलेली आहे. उत्तरेत शंभरातल्या अडतीसजणांकडे खाच आहे, जवळपास सगळेच गहू खातात, तरी आजारी पडतो एखादाच. बाकीच्यांना काय वाचवतं? इथे जंतूंचा प्रवेश होतो.

आतड्याच्या प्रतिकारशक्तीचं काम आपण समजतो त्याच्या उलटं आहे. लढणं तिला येतंच. रोज समोरून परकी प्रथिनं, परके जंतू यांची वरात चाललेली असते. त्यातल्या बहुतेकांकडे बघून "जाऊ दे, ओळखीचं आहे" म्हणणं, हे तिचं रोजचं काम. त्यासाठी शांत करणाऱ्या खास टी-पेशी असतात. या पेशी तयार व्हायला आतड्यातले जंतू मदत करतात. आपण न पचवलेला चोथा मोठ्या आतड्यात आंबवून काही जंतू ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं बनवतात, आणि ती आम्लं या शांतिदूतांची संख्या वाढवायला हातभार लावतात. उलट एखादा संसर्ग ही शांती मोडूही शकतो. २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की रिओव्हायरससारखा, एरवी निरुपद्रवी वाटणारा विषाणूसुद्धा ग्लुटेनबद्दलची सहनशीलता बिघडवू शकतो.

आणि आजींना कुणी सांगितलेल्या त्या गोष्टीचं मूळ कुठे आहे तेही बघा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दोन प्रकारचे जंतू घेतले. सीलिएक रुग्णांच्या लहान आतड्यातून मिळालेला स्युडोमोनास, आणि निरोगी माणसांच्या आतड्यातले लॅक्टोबॅसिलस. दोघंही ग्लुटेन तोडतात. पण स्युडोमोनासने तोडलेले तुकडे उंदरांच्या आतड्याच्या भिंतीतून अधिक सहज आरपार गेले आणि रुग्णांच्या टी-पेशींना त्यांनी आणखी चिथावलं. लॅक्टोबॅसिलसने तेच तुकडे पुढे तोडून त्यांची धार बोथट केली. म्हणजे "जंतू ग्लुटेन खातात" एवढं म्हणून भागत नाही. कुठला जंतू, कुठे कापतो, आणि कापून काय उरतं, हे महत्त्वाचं. शिंप्याकडे कापड दिलं तरी कात्री कुणाच्या हातात आहे हे आपण बघतोच की.

मग लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल घेतल्या तर? इथे जरा हिशेब करू. मला हिशेब आवडतो, त्याला भावना नसतात.

घरच्या मध्यम पोळीला साधारण ३५ ग्रॅम कणीक लागते. त्यात ग्लुटेन सुमारे ३ ग्रॅम. अर्ध्या पोळीत दीड ग्रॅम, म्हणजे १५०० मिलिग्रॅम. २००७ साली इटलीतल्या एका काटेकोर चाचणीत, आहार सांभाळून बऱ्या झालेल्या रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तर तेवढ्यानेही अंकुरांना इजा झाल्याचं बायोप्सीत दिसलं. आजींची अर्धी पोळी त्याच्या तीसपट. कॅप्सूलमधल्या जंतूंनी शंभरातलं नव्वद टक्के ग्लुटेन तोडलं असं उगाच धरून चाललं, तरी १५० मिलिग्रॅम उरतं. तेही तिप्पटच.

आणि नव्वद टक्के कसं तोडतील? नुकसान होतं ते लहान आतड्याच्या सुरुवातीला. तिथे एका मिलिलिटरमध्ये हजार ते दहा हजार जंतू असतात. मोठ्या आतड्यात तेवढ्याच जागेत दहा हजार कोटींच्या आसपास. जंतूंची खरी वस्ती तिकडे, शेवटच्या मुक्कामाला. कॅप्सूलमधल्या जंतूंना जठरातलं आम्ल ओलांडून, झपाट्याने पुढे सरकणाऱ्या अन्नाबरोबर पळता पळता, पहिल्या काही फुटांतच सगळं ग्लुटेन बारीक करायचं आहे. प्रयोगशाळेत ते तासन्‌तास चालतं. काही विशिष्ट जंतूंनी कणीक खूप वेळ आंबवून ग्लुटेन कमी करण्याचे प्रयोग झालेले आहेत, पण ते नियंत्रित परिस्थितीत. घरी आंबवलेल्या गव्हाच्या पावाला त्या प्रयोगांचा आधार घेऊ नका.

आता दुसरी, माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट. समजा कॅप्सूलने आतड्यातलं वातावरण सुधारलं, शांतिदूत वाढले. ज्या टी-पेशींनी एकदा ग्लुटेनला शत्रू ठरवलं, त्या विसरतात का? ओस्लोच्या संशोधकांनी २०१८ मध्ये काही रुग्णांचे जुने आणि नवे नमुने ताडून पाहिले. ग्लुटेनवर तुटून पडणाऱ्या टी-पेशींचे तेच वंश त्याच रुग्णांत दशकांनंतरही सापडले. गहू बंद असताना त्या गप्प बसतात, नाहीशा होत नाहीत. म्हणून सीलिएक "बरा होतो" असं कुणी म्हटलं की मी सावध होते. आतडं बरं होतं. त्याची आठवण तशीच राहते.

प्रोबायोटिक या शब्दाबद्दल थोडं बोलते, कारण तो आता साबणापासून चॉकलेटपर्यंत सगळीकडे लागलेला दिसतो. पुरेशा प्रमाणात दिल्यावर ज्यांचा आरोग्याला फायदा होतो असे जिवंत सूक्ष्मजीव, ही अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेली व्याख्या. त्यात तीन अटी आहेत: जिवंत हवेत, पुरेसे हवेत, आणि फायदा सिद्ध झालेला हवा. भारतातही आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्ये अन्नातल्या प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही नेमका वाण कोणता हे सांगण्यावर भर आहे. या कसोटीवर आपलं दही प्रोबायोटिक ठरत नाही. तुमच्या विरजणात कोण आहे हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. म्हणून दही वाईट होत नाही. नुकतंच निदान झालेल्या कितीतरी रुग्णांना दूध पचत नाही, कारण दूधसाखर तोडणारं एन्झाइम त्या अंकुरांच्या टोकांवर असतं आणि टोकंच झिजलेली असतात. अशांना दूध सोसलं नाही तरी ताक सोसतं, अंकुर भरून आले की बहुधा दूधही. इडलीचं पीठ छान आंबतं, पण वाफवल्यावर ते जंतू मरतात, तेव्हा इडलीला प्रोबायोटिक म्हणणाऱ्यांना मी हात जोडते. इडली मात्र अवश्य खा, बिनग्लुटेनची आहे.

सीलिएक रुग्णांवर प्रोबायोटिकच्या चाचण्या झाल्या आहेत. छोट्या आहेत, पण आहेत. त्यातली एक आजींच्या प्रश्नाला थेट लागू पडते. अर्जेंटिनात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२ रुग्ण होते, अजून गहू खाणारे, उपचार सुरू न झालेले. त्यांतल्या काहींना तीन आठवडे बिफिडोबॅक्टेरियमचा एक वाण दिला, काहींना नुसत्याच कॅप्सूल. जंतू घेणाऱ्यांचं अपचन आणि बद्धकोष्ठ कमी झालं. आतड्याच्या भिंतीची गळती मात्र होती तशीच राहिली.

हे पुन्हा वाचा, किंवा व्हिडिओ बघत असाल तर मागे नेऊन ऐका. पोटाला बरं वाटलं आणि भिंत तशीच राहिली. आजींना जे दिसत होतं ते नेमकं हेच.

इतर चाचण्यांचं चित्र सरमिसळ आहे. स्पेनमध्ये नवं निदान झालेल्या मुलांना आहाराच्या जोडीला बिफिडोबॅक्टेरियम दिलं, तेव्हा प्रतिकारशक्तीच्या काही खुणा थोड्या निवळल्या. स्लोव्हेनियात दाहाचा एक निर्देशांक उतरला, पण कॅप्सूल थांबल्यावर तो परिणाम टिकला नाही. ऑस्ट्रेलियात बारा आठवडे देऊन विष्ठेतल्या जंतूंत काही फरक पडला नाही. इटलीत २०१९ मध्ये १०९ रुग्णांवर झालेली चाचणी मला सगळ्यांत उपयोगाची वाटते. आहार कडक पाळूनही ज्यांच्या पोटात दुखणं, फुगणं चालूच होतं, अशांना सहा आठवडे मिश्र जंतू दिले आणि अनेकांना आराम पडला. म्हणजे प्रोबायोटिकची जागा असलीच तर ती इथे आहे: गहू पूर्ण बंद, अँटिबॉडी उतरलेल्या, तरीही पोट कुरकुरतं, तर डॉक्टरांना विचारून काही आठवडे करून पाहा. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या सूचनांत सीलिएकसाठी प्रोबायोटिक द्या असंही म्हटलेलं नाही आणि देऊ नका असंही नाही, पुरावा अपुरा आहे एवढंच म्हटलं आहे. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे किंवा जे फार आजारी आहेत, त्यांनी जिवंत जंतूंच्या कॅप्सूल मनाने अजिबात सुरू करू नयेत. क्वचित का होईना, ते रक्तात उतरल्याची उदाहरणं आहेत.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे आजींना मी वरून उपदेश केला असं कुणाला वाटायला नको. निदानानंतर सहा-सात वर्षांनी मीही प्रोबायोटिक घेत होते. सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, तेव्हा विश्वास जरा जास्तच. होळीला जावेने पुरणपोळ्या केल्या होत्या. मी एक खाल्ली. काही झालं नाही. मग पाडव्याला एक. मग आठवड्याला एखादी, "कॅप्सूल चालू आहे ना" असं स्वतःला समजावत. सहा महिन्यांनी नेहमीची तपासणी झाली, टीटीजी चांगलीच वर गेलेली. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवला. त्रास होत नाही याचा अर्थ इजा होत नाही असा नसतो, हे मला माहीत होतं. माहीत असून मी खात होते.

त्यावर कडी म्हणजे कॅप्सूलचीच भानगड. २०१५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या बाजारातली जास्त खपणारी २२ प्रोबायोटिक उत्पादनं तपासली. बारांमध्ये ग्लुटेनचा अंश सापडला, आणि त्यांतल्या चारांत तो २० पीपीएमच्या वर होता. एका कॅप्सूलचं वजन किती, तेव्हा प्रत्यक्ष पोटात जाणारं ग्लुटेन नगण्य असेल. पण ज्या रोगासाठी घेतोय त्याचंच कारण डबीत असावं, हे काही बरं नाही. आपल्याकडेही एफएसएसएआयच्या नियमानुसार "ग्लुटेन-फ्री" म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतच ग्लुटेन हवं. डबीवर तसं लिहिलेलं आहे का, जंतूचं पूर्ण नाव आणि वाण दिला आहे का, फ्रिजमध्ये ठेवायची आहे का, एवढं तरी बघून घ्या.

मग आतड्यातल्या चांगल्या जंतूंसाठी काय करायचं? त्यांना जेवू घालायचं. आणि इथे सीलिएकवाल्यांची एक खरी अडचण आहे. स्पेनमधल्या एका छोट्या अभ्यासात दहा निरोगी माणसांना महिनाभर ग्लुटेनमुक्त आहार दिला, तर त्यांच्या पोटातले बिफिडोबॅक्टेरियम कमी झाले. दोष ग्लुटेन नसण्याचा नव्हता. गव्हाबरोबर गव्हातले काही तंतुमय पदार्थ गेले आणि त्यांच्यावर जगणारे जंतू उपाशी राहिले. बाजारातले बिनग्लुटेनचे पाव, बिस्किटं बघा: तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, साखर, तेल. जंतूंच्या दृष्टीने दुष्काळच.

या बाबतीत आपण नशीबवान आहोत असं मला प्रामाणिकपणे वाटतं. युरोपातल्या रुग्णाला गव्हाच्या पावाची नक्कल शोधावी लागते. आपल्याला नक्कल कशाला हवी? ज्वारी आहे, बाजरी आहे, नाचणी आहे. तुमच्याकडे नागली म्हणत असतील किंवा रागी. वरई, राजगिरा, हुलगे, मटकी, वाल. भाकरी, पालेभाजी, एखादी उसळ आणि वर ताक, हे जेवण त्या मोठ्या आतड्यातल्या वस्तीला पोटभर आहे. फक्त निदान नवं असेल तर एकदम चोथा वाढवू नका, सोललेल्या मूगडाळीपासून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा.

पण मराठी स्वयंपाकघरात गहू कुठे कुठे दडून बसतो ते आमच्या लोकांनाही माहीत नसतं. बांधानी हिंगात बहुतेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत असतो. कुरडया तर गव्हाच्याच. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा, आणि प्रसादाला नाही म्हणायचं म्हणजे घरात वादळ. माझ्या सासूबाईंनी एका वर्षी वरईच्या तांदळाचा शिरा करून नैवेद्य दाखवला आणि तो वाद आमच्याकडे मिटला. सगळ्यांत मोठी गळती असते गिरणीत. गव्हावर ज्वारी दळली की पहिल्या किलो-दोन किलोत गहू येतोच. एरवी आपण गिरणीवाल्याला बाजरीवर गहू दळू नका म्हणून बजावतो. इथे उलटं बजावावं लागतं, आणि तो हसतो.

आणखी एक, हे विसरायचं नाही. हे सगळं ऐकून कुणाला शंका आली की आपल्यालाही सीलिएक असेल, तर आधी गहू सोडू नका. गहू बंद केला की अँटिबॉडी उतरतात, अंकुर भरू लागतात आणि तपासणी फसते. आधी तपासणी, मग पथ्य.

आजींकडे परत जाते. मी त्यांना एवढंच सुचवलं की पोळी आजच थांबवा, सुनेला सांगा, आणि टीटीजी करून घ्या. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातून झालं का हो हे?" मी म्हटलं, "काकू, मी माझ्या स्वतःच्या हातून केलंय. तुम्ही निदान विचारलंत तरी."

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. रिपोर्ट आला होता, आकडा वाढलेला. डॉक्टरांनी सांगितलं की दोन महिन्यांचंच आहे, पथ्य नीट पाळलं तर खाली येईल, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. कॅप्सूल त्यांनी बंद करायला सांगितल्या. सून दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दोघी जाऊन घरघंटी घेऊन आल्या, आणि तिच्यात गहू टाकायचा नाही असं ठरलं. नातवाला दुपारी आता नाचणीची गरम भाकरी मिळते, तूप-गूळ लावून. भाकरी थापताना तुटते म्हणून आजींनी मला फोन केला होता. मी सांगितलं की पाणी उकळतं घ्या, उकड काढा आणि पीठ गरम असतानाच मळा.

पुढच्या भागात सीलिएकमधलं लोह, ड जीवनसत्त्व आणि हाडं यांविषयी बोलू. नमस्कार.